सोलापूरहून दुबई: अंतर सुतानं मोजा, वेळ उंबऱ्यापासून

मी भूगोलाची बाई. आता निवृत्त आहे, तरी गल्लीतली कोणी आई लेकीच्या बाळंतपणाला दुबईला निघाली की तिकीट घेऊन माझ्याकडे येते. "बाई, सकाळी दहाला सुटतंय आन् पावणेबाराला पोचतंय. एवढं जवळ हाय व्हय?"

नाही. तिकिटावर सुटायची वेळ मुंबईची असते, पोचायची दुबईची. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागं, म्हणून जाताना दीड तास मिळवायचा: प्रवास सव्वातीन तासांचा. येताना तोच दीड तास वजा करायचा.

अंतर स्वतः मोजून बघा. नातवाचा पृथ्वीगोल घ्या आणि सूत घ्या. सोलापुरात सुताला काय तोटा! ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर विषुववृत्त सुमारे ९४ सेंटिमीटर भरतं. खरं विषुववृत्त ४०,०७५ किलोमीटर, म्हणजे एक सेंटिमीटरला साधारण ४२५ किलोमीटर. मुंबई ते दुबई सूत ताणून धरलं की साडेचार सेंटिमीटर येतं. गुणाकार करा: १,९०० च्या आसपास. खरं हवाई अंतर सुमारे १,९३० आहे. भिंतीवरच्या नकाशावर हा उद्योग करू नका, गोल पृथ्वी सपाट कागदावर आणताना अंतरं बिघडतात.

आता वेळ. किलोमीटरला ८०० नं भागा, वर चढण्या-उतरण्याचा अर्धा तास धरा. तीन तासांच्या जरा आत उत्तर येतं. जाताना, विशेषतः हिवाळ्यात, वरचा पश्चिमेचा वारा समोरून येतो, म्हणून थोडं जास्त लागतं. येताना तोच वारा पाठीशी असतो.

पण खरा प्रवास उंबऱ्यापासून मोजायचा. रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस पहाटे सहाच्या सुमाराला दादरला सोडते. आंतरराष्ट्रीय विमानाला तीन तास आधी हजर व्हायचं, म्हणजे दहाचं विमान धरलं तर सातला विमानतळावर. गाडी तासभर लेट झाली की संपलं. मी दुपारी बारानंतरचंच विमान घ्यायला लावते.

हैदराबादचाही विचार करा. तिथून दुबई सुमारे २,५५० किलोमीटर, विमानात पाऊण तास जास्त. पण सोलापूरहून रस्ता तीनशे किलोमीटरच्या आसपास, आणि पाटणचेरूपासून बाहेरच्या रिंगरोडनं शहरात न शिरता शमशाबादच्या विमानतळावर पोचता येतं. घरची गाडी असेल तर मला हाच मार्ग पसंत. गाडी नसेल तर मुकाट्यानं सिद्धेश्वर.

सामानाबद्दल एकच, पण नीट ऐका. शेंगाचटणी न्या, कडक भाकरी न्या. डिंकाचे लाडू न्यायचे तर त्यात खसखस अजिबात नको. अमिरातीत खसखशीवर बंदी आहे, आणि तिथं "आमच्यात बाळंतिणीला देतात" हे कोणी ऐकून घेत नाही.

परतीचं आरक्षण करताना पुन्हा घड्याळ. दुबईहून दुपारी बाराला निघालात की मुंबईत साडेचार वाजलेले असतात. रात्रीची सिद्धेश्वर निवांत मिळते. संध्याकाळी सहाचं विमान असेल तर उतरेपर्यंत साडेदहा होतात. त्या रात्रीचं रेल्वेचं तिकीट काढू नका, दुसऱ्या दिवसाचं काढा.