गावाकडे घर घेताय? दलालाच्या बाबतीत या चुका टाळा

तालुक्याच्या गावात किंवा खेड्यात घर घ्यायचं म्हटलं की आपल्या विदर्भात दलाल शोधावा लागत नाही, तोच शोधत येतो. त्याची पाटी नसते, ऑफिस नसतं. कोणी कृषी केंद्र चालवतो, कोणी विम्याची कामं करतो, कोणी ग्रामपंचायतीचा माजी सदस्य असतो. बसस्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर त्याची बैठक असते. त्यांच्यातले कित्येक प्रामाणिक आहेत. दोन घरं जुळवून चार पैसे कमावतात, त्यात वावगं काही नाही. पण काम धड न करणाऱ्याच्या हाती सौदा पडला, की कापूस-सोयाबीनच्या दहा हंगामांतून वाचवलेली पुंजी अडकते, आणि ज्याच्याशी भांडायचं तो माणूस रोज समोर दिसतो.

दस्त लिहिण्याच्या कामामुळे तहसीलच्या आवारात अशी कुटुंबं मला नेहमी भेटतात. मालकाची भेट, कागदांची तपासणी आणि पैशाची देवघेव, ही तिन्ही कामं त्यांनी दलालावर सोडलेली असतात. घर दाखवणं आणि बोलणी जुळवणं हे दलालाचं काम. बाकीची तीन कामं घेणाऱ्यानेच करायची असतात.

घरचाच माणूस म्हणून दलाली न ठरवणं

"दलालीचं पाहू ना भाऊ मागून, तुमच्यासंग का हिशोब करा लागते का?" हे वाक्य ऐकलं की तिथेच थांबा आणि हिशोब करा. आपल्या भागात दलाली साधारण एक ते दोन टक्के चालते, आणि बरेच दलाल ती दोन्हीकडून घेतात. दोन्हीकडून घेणं गैर नाही, पण ते दोघांनाही माहीत असायला हवं. टक्का कोणत्या रकमेवर, तुम्ही किती देणार, विकणारा किती देणार, आणि द्यायचे केव्हा, एवढं वहीच्या पानावर लिहून दोघांनी सही करावी. सही मागायला संकोच वाटत असेल तर व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा आणि त्याचं "हो, बरोबर" येऊ द्या.

पैसे रजिस्ट्रीनंतर देईन, हे त्यात लिहाच. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम २१९ तुमच्याच बाजूचं आहे: वेगळं ठरलेलं नसेल तर काम पूर्ण झाल्याशिवाय मध्यस्थाचा मेहनताना देय होत नाही. कलम २२० म्हणतं, ज्या कामात मध्यस्थाने गैरवर्तन केलं त्या कामाचा मेहनताना त्याला मागता येत नाही. निम्मी दलाली आगाऊ मागणाऱ्याला हे शांतपणे सांगता येतं.

मालकाची गाठ न घेणं

सगळ्यात जास्त नुकसान याच चुकीने होतं. दलाल सांगतो, मालक पुण्याला असतो, त्याने सगळं माझ्यावर सोपवलंय. तिकडे मालकाला त्याने विचारलेलं असतं, "तुमच्या हातात निव्वळ नऊ लाख पडले तर चालते का?" आणि तुम्हाला अकरा सांगितलेले असतात. वरचे दोन लाख त्याचे, शिवाय दोघांकडून दलाली वेगळी. रजिस्ट्रीच्या दिवशी हे उघडं पडतं आणि सौदा दुय्यम निबंधकाच्या दारात मोडतो. मालकाला एकदा समोरासमोर भेटलात की हा खेळ होत नाही. तो बाहेरगावी असेल तर व्हिडिओ कॉल करा आणि त्याच्याच तोंडून किंमत ऐका. भेट घालून द्यायला दलाल टाळाटाळ करत असेल तर त्या घराचा नाद सोडा, किंवा शेजाऱ्यांना विचारून स्वतः मालकाचा पत्ता काढा.

याचाच दुसरा प्रकार म्हणजे दलालाने मालकाकडून स्वतःच्या नावाने सौदाचिठ्ठी करून घेतलेली असते आणि मुदत संपायच्या आत तो गिऱ्हाईक शोधत असतो. अशा वेळी विकणारा नेमका कोण, हे विचारा. विक्रीपत्रावर मूळ मालकाचीच सही हवी, आणि त्या दलालाला दस्तात "मान्यता देणार" म्हणून घ्यावं, म्हणजे पुढे तो हक्क सांगत येणार नाही. आममुखत्यारपत्रावर, पाचशेच्या बॉन्डवर किंवा नोटरी करून घर मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केलं आहे, की मुखत्यारपत्राच्या अशा व्यवहाराने मालकी जात नाही, त्यासाठी नोंदणीकृत विक्रीपत्रच लागतं.

वारसांच्या बाबतीत तर दलालाच्या शब्दावर अजिबात राहू नका. वडील वारले, कागदावर थोरल्या भावाचं नाव लागलं, बहिणी लग्न होऊन दर्यापूरला आणि उमरेडला गेल्या. दलाल म्हणतो, "बहिणी सही देतीन, तुम्ही इसार टाका." बहिणींचा हिस्सा असतो, आणि सही देतीलच असं कोणी सांगावं? त्यांना स्वतः फोन करा. त्या दस्तावर सही करणार आहेत की नोंदणीकृत हक्कसोड करून देणार आहेत, हे इसाराच्या आधी ठरू द्या.

इसार दलालाच्या हातात देणं

"आजच इसार टाकून द्या, उद्या नागपूरचा गिऱ्हाईक येऊन राह्यला." असा गिऱ्हाईक कधी खरा असतो, बहुतेकदा नसतो. तो खरा असला तरी तुमचा इसार मालकाच्याच खात्यात गेला पाहिजे, तेही सौदाचिठ्ठी झाल्यावर. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे, आणि घेणाऱ्याला तेवढाच दंड बसू शकतो. मालकाला हे सांगितलं की तोही बँकेतून घ्यायला तयार होतो.

सौदाचिठ्ठीत घराची चतुःसीमा, एकूण किंमत, इसाराची रक्कम आणि रजिस्ट्रीची तारीख लिहा. त्यासोबत एक वाक्य जरूर घाला: मालकीच्या कागदांत दोष निघाला, किंवा बँकेने त्यावरून कर्ज नाकारलं, तर इसार पूर्ण परत मिळेल. दलाल हे वाक्य नको म्हणतो, कारण मग त्याला कागद खरे दाखवावे लागतात.

"रजिस्ट्रीचा खर्च" म्हणून ठोक रक्कम मागितली तर हिशोब मागा. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी राज्य सरकारच्या ग्रास या ऑनलाइन भरणा सोयीतून चलनाने भरता येते, आणि त्या चलनावर दोन्ही रकमा वेगवेगळ्या छापलेल्या असतात. नोंदणी फी एक टक्का आणि जास्तीत जास्त ३०,००० रुपये आहे. राहतं घर बाईच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. ही सवलत घेऊन उरलेले पैसे खिशात घालणारे दलाल आहेत. म्हणून चलन स्वतः भरा.

दस्तात किंमत कमी दाखवून बाकी रोख द्यायचा सल्ला तर ऐकूच नका. उद्या सौदा फिसकटला, तर न्यायालयात कागदावरचीच रक्कम तुमची ठरते.

कागद त्याच्याकडूनच घेणं

दलाल घडी घातलेली झेरॉक्स दाखवतो आणि आपण मान हलवतो. ती कधीची, कोणत्या गटाची, पूर्ण आहे का, हे पाहिलं जात नाही. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो. तो मोबाईलवरून स्वतः काढा आणि "इतर हक्क" हा रकाना शेवटपर्यंत वाचा. बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, कोर्टाचा दावा हे तिथेच कळतं. जमीन भोगवटादार वर्ग-२ ची आहे का, हे "भूधारणा पद्धती"समोर पाहा. वर्ग-२ असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय पुढे जाऊ नका.

गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. तिथे ग्रामपंचायतीचा नमुना ८ दाखवून दलाल म्हणतो, "हे पहा, नाव आहे." नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नाही. २४ एप्रिल २०२० पासून केंद्राच्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजली जात आहेत. तुमच्या गावाची मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) आणि सनद मागा. झाली नसेल तर जुनी विक्रीपत्रं, वारस नोंदी आणि कराच्या पावत्या यांची साखळी वकिलाकडून तपासून घ्या. हा वकील तुम्ही निवडलेला असावा. दलालाच्या वकिलाचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीच्या तपासणीचा अहवाल, कितीही जाड असला तरी तो तुमच्यासाठी काढलेला नसतो.

आपल्या विदर्भात आणखी काही गोष्टी पाहाव्या लागतात. नागपूर विभागाच्या सहा जिल्ह्यांत झुडपी जंगलाच्या जमिनी आहेत. २२ मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्या वनजमीनच मानल्या आहेत, तेव्हा तशी नोंद दिसली की तिथून परत फिरा. "भूदानधारक" अशी नोंद असलेली जमीन परस्पर विकता येत नाही. मेळघाट, गडचिरोली, केळापूर या पट्ट्यांत आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीने घ्यायची तर जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम ३६ आणि ३६-अ खाली आधी मंजुरी लागते. "कागद दुसऱ्या आदिवासी माणसाच्या नावावर ठेवू, ताबा तुमचा" असं सुचवणारा दलाल तुम्हाला बेकायदा व्यवहारात ढकलतो आहे, आणि ज्या घरची ती जमीन आहे त्यांच्यावरही अन्याय करतो आहे.

लेआउटमधल्या प्लॉटचं प्रकरण वेगळं. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाल्यापासून इंटरचेंजच्या आसपासच्या वावरांत चुन्याच्या रेघा आणि झेंडे दिसू लागले आहेत. तिथे जागा अकृषक, म्हणजे बिगरशेती, झाल्याचा कागद आणि मंजूर नकाशा पाहा. नागपूरभोवतीच्या ७१९ गावांत मंजुरी महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची लागते. नियोजन क्षेत्रात, ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरच्या प्रकल्पाला महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक हवा. त्यातले प्लॉट विकणाऱ्या एजंटालाही वेगळा क्रमांक हवा, जो इंग्रजी "ए" अक्षराने सुरू होतो. २०२३ मध्ये महारेराने एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षाही बंधनकारक केली. क्रमांक मागितल्यावर तो चिडला तर तेच उत्तर समजा.

घर एकदाच, तेही उन्हाळ्यात पाहणं

काळ्या मातीतलं घर पावसाळ्यात पाहा, किंवा निदान पायव्यापासून वर गेलेल्या तिरप्या भेगा तपासा. रस्ता नकाशावर आहे की दुसऱ्याच्या धुऱ्यावरून वहिवाटीने जातो, हे शेजारच्या काका-काकूंना विचारा. ते दलालापेक्षा खरं सांगतात.

बिनसलं तर काय करायचं

दलाल फोन उचलत नाही, दर वेळी किंमत बदलतो, कागद मागितले की "येऊन राह्यले" म्हणतो. असं दोनदा झालं की तोंडी बोलणं बंद करा. मेसेज पाठवा: अमुक कागद अमुक तारखेपर्यंत द्या, नाही तर तुमच्यामार्फत हा सौदा मला करायचा नाही. भांडणाची भाषा नको. तुमचे मूळ कागद, म्हणजे आधार, पॅन, बँकेचे चेक त्याच्याकडे असतील तर आधी ते परत घ्या. सही केलेला कोरा चेक दिला असेल तर बँकेत जाऊन त्याचं पेमेंट थांबवा.

घर चांगलं आहे आणि दलाल तेवढा वाईट, असंही होतं. तेव्हा मालकाशी थेट बोला, पण दलालाला डावलून लपूनछपून व्यवहार करू नका. घर त्यानेच दाखवलं असेल तर त्याने केलेल्या कामापुरती दलाली ठरवून द्या आणि पावती घ्या. न दिलेल्या दलालीचं वैर गावात फार वर्षं चालतं, आणि कायद्यातही त्याची बाजू उभी राहू शकते.

इसार अडकला असेल तर पैसे कोणाच्या खात्यात गेले यावर पुढचं ठरतं. मालकाकडे असतील तर वकिलाची नोटीस मालकाला पाठवा. दलालाने ठेवून घेतले असतील तर त्याला नोटीस, आणि प्रत मालकाला. गावातली तंटामुक्त समिती मध्यस्थी करू शकते, पण जे ठरेल ते तारखेसह लिहून घ्या. बैठकीमागून बैठक होते आणि मुदत निघून जाते. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जावं लागतं, पैसे वसुलीच्या दिवाणी दाव्याला तीन वर्षं मिळतात.

दलालाने मेहनताना घेऊन वाईट सेवा दिली ही तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात करता येते. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, आणि १९१५ या हेल्पलाइनवर आधी मार्गदर्शन मिळतं. महारेराकडे मात्र नोंदणीयोग्य प्रकल्पाचीच तक्रार चालते. खेड्यातल्या जुन्या घराची फेरविक्री त्यात येत नाही, तेव्हा तिकडे हेलपाटे घालू नका. खोटे कागद दाखवून किंवा एकच घर दोघांना विकून पैसे घेतले असतील तर तो फसवणुकीचा गुन्हा आहे. पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीत जा. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि वर्षाला तीन लाखांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्यांना तिथे मोफत वकील मिळतो.

सौदा नीट पार पडला तरी शेवटचं काम दलालावर टाकू नका. दलाली मिळाली की फेरफाराचा पाठपुरावा तो करत नाही. रजिस्ट्रीची सूची क्रमांक २ (इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) हातात घ्या आणि जागा सातबाऱ्याची असेल तर "आपली चावडी" या सरकारी संकेतस्थळावर फेरफाराची नोटीस लागली का ते पाहा. हरकतीचे पंधरा दिवस संपल्यावर मंडळ अधिकाऱ्याकडून नोंद प्रमाणित झाल्याची खात्री करा. मिळकत पत्रिका असेल तर हेच काम भूमी अभिलेख कार्यालयात करावं लागतं. नमुना ८ वर नाव चढवण्याचा अर्ज ग्रामपंचायतीत त्याच आठवड्यात द्या, आणि वीज मीटर नावावर करून घ्यायलाही विसरू नका.