‘कृपया धैर्य ठेवा’ आणि हिमतीच्या शब्दांतल्या इतर चुका

नागपूरला सीताबर्डीच्या एका बोळात माझं डीटीपीचं दुकान आहे. पत्रिका, मानपत्रं, पाट्या, स्मरणिका, जे येईल ते. माणसाच्या हिमतीचं कौतुक करणारा मजकूर बावीस वर्षं टाइप करतोय आणि बावीस वर्षं त्याच त्या चुका दुरुस्त करतोय. आता कंटाळा आला, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

पहिली चूक माझीच आहे. एका दवाखान्याला पाट्या हव्या होत्या. मजकूर व्हॉट्सॲपवर हिंदीत आला, ‘कृपया धैर्य रखें’. मी घाईत होतो. ‘रखें’चं ‘ठेवा’ केलं आणि पाटी छापून मोकळा झालो. महिन्याभरानं भाच्याला घेऊन त्याच दवाखान्यात बसायची वेळ आली. शेजारी उमरेडकडची एक आजी होती. नातीनं तिला पाटी वाचून दाखवली. आजी म्हणाली, “काहून वं, आत असं काय करून राहिले का धैर्य लागते?” आणि पिशवी उचलून उठलीच. तिला परत बसवता बसवता नातीच्या नाकी नऊ आले. मी मान खाली घालून मोबाइल बघत राहिलो.

हिंदीत ‘धैर्य’ म्हणजे वाट पाहण्याची सहनशीलता. मराठीत ‘धैर्य’ संकट समोर असताना लागतं. मूळ संस्कृत शब्द एकच, स्थिरपणाचा. दोन भाषांनी तो आपापल्या वाटेनं नेला. १९५६ पर्यंत नागपूर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं. हिंदी इथं पाहुणी नाही, घरचीच आहे, त्यामुळे ही चूक आपल्याला चूक वाटतच नाही. गंमत म्हणजे मराठीत दोन्ही कामं करणारा शब्द आहेच, ‘धीर’. ‘धीर धरा’ म्हणजे थांबा. ‘धीर दिला’ म्हणजे समजूत घातली, मन सावरलं. ‘विचारायचा धीर झाला नाही’ म्हणजे हिंमत झाली नाही. ‘त्याला धीर निघेना’ म्हणजे उतावीळ झाला. सगळा अर्थ क्रियापदात आहे, आणि क्रियापदाकडे कोणी बघत नाही.

माझी सवय अशी: शब्दाच्या जागी आधी ‘थांबा’ ठेवून बघतो. बसलं तर ‘धीर धरा’ किंवा ‘संयम ठेवा’. ‘घाबरू नका’ बसलं तर ‘धैर्य’. व्याकरणाच्या पुस्तकात हे सापडणार नाही, पण त्या पाटीनंतर मी फसलेलो नाही. मोबाइलवर भाषांतर करून आणणाऱ्या पोरांना हे सांगितलं की म्हणतात, “काका, चालते नं, समजते लोकायले.” समजतं, तर आजी उठली कशाला?

‘धैर्यता’ आणि ‘शौर्यता’ लिहू नका. धीरपासून धैर्य झालं, शूरपासून शौर्य झालं. भाववाचक नाम तयार झालेलं आहे, त्यावर आणखी ‘ता’ची टोपी कशाला?

‘हिम्मत’ हिंदीत. मराठीत ‘हिंमत’, आणि विभक्ती लागली की अनुस्वार जातो: हिमतीने, हिमतीचा. किंमत, किमतीला, गंमत, गमतीने, तसंच. मराठी साहित्य महामंडळाचा नियम आहे, माझा नाही. वरच्या शीर्षकात चूक शोधायला निघालेल्यांनी परत यावं.

‘दम धरा’ म्हणजे थांबा. ‘दम दिला’ म्हणजे धमकावलं. एका शोकसभेच्या वृत्तात ‘आमदारांनी कुटुंबीयांना दम दिला’ असं होतं. छापण्याआधी सापडलं, नशीब.

अवसान गळतं, उसनं आणता येतं. बुडालेली बँक मात्र ‘अवसायनात’ जाते, ‘अवसानात’ नाही.

मनोधैर्य ‘खचतं’, भिंत खचते तसं. ‘खच्चीकरण’ बैलाचं करतात. दोन शब्द वेगळे आहेत. पोळ्याला बैल सजवणाऱ्या मुलखात हे सांगावं लागतं, याचंच नवल.

साहसाबद्दल थोडं. कामठीला गार्ड्‌स रेजिमेंटचं केंद्र आहे, त्यामुळे जवानांच्या सत्काराची मानपत्रं माझ्याकडे येत असतात. एकानं जोर यावा म्हणून ‘दुःसाहसी जवान’ लिहून आणलं होतं! ‘साहस’ हा शब्द मुळातच जरा उनाड आहे. जुन्या धर्मशास्त्रात तो दांडगाईच्या गुन्ह्याला वापरलाय. ‘धाडस’ चोरही करतो, म्हणून तर बातमीत ‘धाडसी घरफोडी’ येते. ‘शौर्य’ मात्र चोराला लागत नाही. जवानाला ‘शौर्य’ लिहा, आणि ते रणांगणापुरतंच आहे असं समजू नका. शौर्य चक्र शत्रूसमोरच्या लढाईबाहेरच्या शौर्यासाठीच देतात.

‘निर्भीड’ दीर्घ. भीड म्हणजे संकोच, मुरवत. भीती नव्हे, आणि मराठीत गर्दी तर नव्हेच नव्हे. ताडोब्यात वाघाच्या वाटेवर पायी गस्त घालणारा वनरक्षक निर्भय. साहेबाला तोंडावर ‘तुमचा हिशेब चुकला’ म्हणणारा कारकून निर्भीड. एकच माणूस दोन्ही असेल असं नाही. माझ्या ओळखीचे निर्भीड संपादक पालीला घाबरतात.

आता ‘प्राज्ञा’. ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, कारण दुरुस्त केली तरी ती परत येते. ‘आपल्यापुढे बोलण्याची माझी काय प्राज्ञा!’ इथं प्राज्ञा म्हणजे धारिष्ट, बिशाद. ‘प्रज्ञा’ म्हणजे बुद्धी, ज्ञान. दीक्षाभूमीच्या या शहरात प्रज्ञा, शील, करुणा लहान पोरालाही पाठ असतात, म्हणून बोटं आपोआप ‘प्रज्ञा’कडे वळतात. वाक्याला अर्धवट अर्थही लागतो, म्हणून चूक लपून राहते.

दोन वर्षांपूर्वी एक तरुण गुरुजींच्या सत्काराची पत्रिका घेऊन आला. दहा मिनिटांत पाहिजे होती. मी ‘प्राज्ञा’ केलं. त्यानं प्रूफ मोबाइलवर बघितलं, “काका, काना जास्त पडला,” म्हणाला. मी समजावायला लागलो तर घड्याळ दाखवलं. शेवटी फाइल त्यानं स्वतःच दुरुस्त केली आणि ५०० प्रती नेल्या. चौथ्या दिवशी गठ्ठा घेऊन परत आला. गुरुजींनी लाल पेनानं त्या शब्दाला गोल करून पत्रिका परत पाठवली होती. आता मी त्या फुकट छापून द्याव्यात, असं त्याचं म्हणणं. मी दिल्या नाहीत. कागदाचे पैसे घेतले, मजुरी सोडली.

ती लाल गोलाची पत्रिका मी मागून घेतली. काउंटरच्या काचेखाली ठेवलीय. कोणी दहा मिनिटांत मागायला लागलं की काच पुसायला घेतो.