दोन ट्रिगर, एक बोट: टू-स्टेज ट्रिगरची तुलना कशी करावी

कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ साली पॅरिसहून ५० मीटर रायफलचं ब्राँझ आणलं. रेंजवर नवी पोरं दिसली की त्यांच्या पालकांचा एक प्रश्न ठरलेला: "बदलून बसवायला कुठला ट्रिगर चांगला?" टू-स्टेज ट्रिगर म्हणजे दोन टप्प्यांत ओढायचा चाप: आधी सरकून थांबतो, मग आणखी जोर दिला की सुटतो. उत्तर देणारा लगेच तो ओढायला किती वजन लागतं ते ग्रॅममध्ये सांगतो. पण तिखट किती चमचे घातलं हे ऐकून तांबड्या रश्श्याची चव कळते का? शेवटी बोटालाच विचारावं लागतं. बोट मात्र लबाड असतं, म्हणून त्याला नीट विचारायचं.

सुरुवात सुरक्षिततेपासून. रायफल रेंजवरच, कोचसमोर तपासा. नळीत पेलेट, म्हणजे छर्रा, नाही हे दोघांनी पाहावं. ड्राय फायरची, म्हणजे छर्र्याविना चाप ओढायची, सोय असलेल्याच रायफलीवर रिकामा चाप ओढा. स्प्रिंगची साधी एअर रायफल रिकामी उडवली तर पिस्टन आणि सील खराब होतात.

मग वजनं सारखी करा. सगळ्यात जास्त फसगत इथंच होते, कारण हलका ट्रिगर पहिल्या मिनिटाला नेहमीच गुळगुळीत वाटतो. छोट्या प्लास्टिकच्या डबीला दोरा बांधा, रायफल नळी वर करून उभी धरा आणि डबी चापाच्या मधोमध अडकवा. आता डबीत थोडी थोडी वाळू घालत जा. एका वजनाला चाप मागं सरकून थांबतो, तो पहिला टप्पा. आणखी वाळू घातल्यावर सुटतो, ते एकूण वजन. दोन्ही वेळची डबी गुजरीतल्या ओळखीच्या सराफाच्या काट्यावर मोजून आणलीत तर अर्ध्या ग्रॅमचाही वाद उरणार नाही. एकूण १०० ग्रॅम असलेले दोन ट्रिगर घ्या: एकात पहिला टप्पा ७० ग्रॅमचा, दुसऱ्यात ४०चा. कागदावर जुळे भाऊ, हाताला पार परके! त्यामुळे एकूण वजनाबरोबर ही वाटणीही शक्य तितकी जुळवून घ्या. १० मीटर एअर पिस्तुलाला नियमानं किमान ५०० ग्रॅम लागतात, एअर रायफलला तशी किमान अट नाही; म्हणून रायफलवाल्यांना हलकेपणाचा मोह जास्त.

बोटाची जागाही ठरवून घ्या. चापाच्या खालच्या टोकाला बोट लावलं की तोच ट्रिगर हलका लागतो, कारण तरफेची भुजा वाढते. दोन्ही रायफलींवर बोटाचं तेच पेर, चापाची तीच जागा.

आता डोळे मिटा. कोणता ट्रिगर हातात दिलाय ते जोडीदारानं सांगायचं नाही. पहिल्यावर दहा वेळा, दुसऱ्यावर दहा वेळा आणि पुन्हा पहिल्यावर दहा वेळा ड्राय फायर करा. ही तिसरी फेरी टाळू नका. बोटाची आठवण फार थोडी. पहिल्या ट्रिगरबद्दल आधी जे बोललात ते परतल्यावर पुष्कळदा बदलतं.

प्रत्येक वेळी तीनच गोष्टी बघा. पहिला टप्पा सरळ सरकतो की मध्ये खरखरतो? भिंत, म्हणजे दुसऱ्या टप्प्याची सुरुवात, ठाशीव आहे की चुकून ओलांडली जाते? आणि सुटताना कडक पापड मोडावा तसा सुटतो, की ओल्या फांदीसारखा वाकत वाकत? ते वाकणं म्हणजे क्रीप. काहींना थोडा क्रीप आवडतो, मला नाही. सुटल्यावर बोट किती मागं जातं, म्हणजे ओव्हरट्रॅव्हल, ते डोळे उघडून पाहा: त्या क्षणी नेम धरायची साइट हलली तर नोंद करा.

एवढं झालं की रेंजचा जिना दोनदा चढून या आणि धडधडत्या छातीनं तेच पुन्हा करा. १० मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. स्पर्धेत नाडी वाढलेली असताना भिंत बोटाला सापडली पाहिजे. शांत बसून आवडलेला हलका ट्रिगर बऱ्याचदा इथं नापास होतो.

शेवटी एक तपासणी, आवडीनिवडीच्या पलीकडची. रिकामी रायफल कॉक करा, म्हणजे चाप ओढला की सुटेल अशी सज्ज करा, नळी टार्गेटकडेच ठेवा आणि कुंद्यावर रबरी हातोडीनं हलकेच ठोका. चापाला हात न लावता ती सुटली, तर तो ट्रिगर बोटाला कितीही गोड लागो, तुलनेतून बाद. त्याचे स्क्रू घरी पिळत बसू नका, आर्मररकडे, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडे, द्या.