सेमी-इंग्रजी वर्गात विज्ञान शिकवताना मराठी, इंग्रजी आणि इंटरनेट यांचा मेळ कसा घालावा

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने विज्ञान व गणितासाठी द्विभाषिक अध्यापनाचा पुरस्कार केला असला, तरी प्रत्येक वाक्याचे लगेच भाषांतर करणे म्हणजे द्विभाषिक अध्यापन नव्हे. तसे केल्यास मुले इंग्रजी वाक्य ऐकण्याचे सोडून मराठीची वाट पाहू लागतात.

संकल्पना प्रथम मराठीत, अनुभवातून मांडावी. नववीतील कार्य आणि ऊर्जा हा पाठ घ्या. बोलीत आपण बल, शक्ती आणि ताकद हे शब्द सहज एकमेकांच्या जागी वापरतो. भौतिकशास्त्रात मात्र बल म्हणजे फोर्स आणि शक्ती म्हणजे पॉवर, अर्थात कार्य करण्याचा दर. एकच बादली विहिरीतून आधी सावकाश आणि मग झपाट्याने वर ओढली, तर कार्य जवळजवळ तेवढेच होते, पण शक्ती अधिक लागते, हे मुलांनी स्वतःच्या शब्दांत सांगितल्यावरच इंग्रजी व्याख्या फळ्यावर लिहावी. हा क्रम उलटू नये, असे माझे ठाम मत आहे.

पारिभाषिक शब्दांसाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश इंटरनेटवर उपलब्ध आहेत. बालभारतीची दोन्ही माध्यमांची पुस्तके विनामूल्य उतरवून घेता येतात. तोच परिच्छेद शेजारी शेजारी ठेवून वाचून घ्यावा. चित्रफीत आदल्या दिवशीच उतरवून ठेवावी, कारण तासाला जोडणी मिळेलच असे नाही, आणि ती दाखवताना आवाज बंद करून निवेदन विद्यार्थ्यांकडून, आधी मराठीत व नंतर इंग्रजीत, करवून घ्यावे.