रोप टो कसा पकडायचा आणि कपडे, केस, बोटं कशी सांभाळायची

आमच्या गोव्यातल्या मांद्र्याकडे दोर कोणाला नवीन नाही, रापण (किनाऱ्यावरून दोराने ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं) ओढायला लहानपणी एकदा तरी हात लावलेला असतो आणि तळहात लाल करून घरी आलेलो असतो. पण तिथे दोर आपण ओढतो, रोप टोला, म्हणजे पायाला स्की (बर्फावर घसरायच्या लांब पट्ट्या) बांधलेल्या माणसांना बर्फाच्या उतारावरून वर नेणाऱ्या फिरत्या दोराला, दोर आपल्याला ओढतो, आणि तो इंजिनावर चालतो त्यामुळे तुम्ही दमलात, घसरलात, तरी तो आपल्या चालीने वर जातच राहतो. हे एवढं डोक्यात ठेवलंत की पुढचं सगळं आपोआप पटतं.

हे लिहायचं कारण म्हणजे आपली बरीच मंडळी आता कॅनडा, न्यूझीलंडला स्थायिक झालीत, आपण भेटायला जातो आणि ते हौसेने बर्फावर घेऊन जातात. माझा मावसभाऊ क्राइस्टचर्चला असतो, मी ऑगस्टमध्ये गेलो होतो (आपल्याकडे श्रावण, तिकडे ऐन थंडी), तो मला एका छोट्या क्लबच्या डोंगरावर घेऊन गेला आणि तिथे खुर्चीची लिफ्ट नाहीच, नुसता दोर.

रचना अगदी सोपी असते. उताराच्या खाली एक चाक, वर एक चाक, आणि दोन्हींवरून फिरणारा टोकं जोडलेला अखंड दोर, म्हणजे विहिरीवरचा रहाट आडवा करून डोंगरावर ताणला असं समजा. अमेरिकेत व्हरमाँटमधल्या वुडस्टॉकला १९३४ च्या जानेवारीत एका शेतातल्या कुरणावर असा दोर लावला होता आणि तो फोर्डच्या मॉडेल टी गाडीच्या इंजिनावर फिरायचा. आजही छोट्या डोंगरांवर तो टिकून आहे कारण स्वस्त पडतो आणि दुरुस्त करायला सोपा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे मी दोन वेळा लिहीन तरी कमीच. लोंबणारं काहीही अंगावर ठेवू नका. पीळ दिलेला दोर नुसता पुढे जात नाही, ताण कमीजास्त झाला की तो स्वतःभोवतीही फिरतो, आणि मफलरचं टोक, मोकळी वेणी, जॅकेटची नाडी, सॅकचा पट्टा त्याच्याभोवती गुंडाळला जातो. स्कूटरच्या मागे बसलेल्या बाईची ओढणी चाकात जाते ना, तसंच. पडलात तर बर्फात पडाल आणि उठाल, पण अडकलात तर दोर तुम्हाला घेऊन थेट वरच्या चाकाकडे निघतो. माझ्या टोपीची नाडी बाहेर लोंबत होती, रांगेत मागे उभ्या असलेल्या एका आजोबांनी ती दिसल्याबरोबर मला थांबवलं आणि स्वतःच्या हाताने कॉलरच्या आत खोचून दिली, मला अजून त्यांचे उपकार वाटतात. म्हणून मफलर खालीच काढून ठेवा, केस बांधून हेल्मेटच्या आत किंवा जॅकेटच्या आत, सॅक शक्यतो नकोच. पोरांना नेणार असाल तर त्यांचं तुम्ही स्वतः तपासा, पोरं "हो केलं" म्हणतात आणि केलेलं नसतं.

हातमोजे चामड्याचे घ्या. लोकरीचे मोजे दोर घासून घासून फाडतो आणि भिजले की पकडही राहत नाही. काही ठिकाणी मोज्यांवर घालायला जाड चामड्याचं कव्हर देतात, देत असतील तर मागून घ्या, लाजू नका.

मग रांगेत नंबर आला की दोराच्या बाजूला उभं राहायचं, दोन्ही स्की एकमेकींना समांतर आणि सरळ वरच्या दिशेने, आधीच्या लोकांनी पाडलेल्या चाकोरीत. काठ्या पहिल्या दिवशी खालीच ठेवा, न्यायच्याच असतील तर पट्टे मनगटात अडकवू नका. गुडघे थोडे वाकलेले. दोराजवळचा हात दोराभोवती सैल धरायचा आणि दोराला मुठीतून सरकू द्यायचं, मूठ हळूहळू आवळत न्यायची, म्हणजे तुम्ही हळूच चालू लागता. एकदम गच्च पकडलात तर खांद्याला हिसका बसतो आणि तोंडावर आपटता, नवीन माणसं बहुतेक इथेच पडतात. चालू लागलात की दुसरा हात पाठीमागून नेऊन दोर धरा, भार दोन्हीकडे वाटला जातो. दोरावर बसायला जाऊ नका.

वाटेत स्की चाकोरीतच ठेवा, इकडेतिकडे वळवळ केली की दोर बाजूला खेचला जातो आणि मागचापुढचा दोघेही पडतात. पडलात तर दोर लगेच सोडायचा आणि लोळत चाकोरीबाहेर व्हायचं, उठायचं नंतर, कारण मागून माणूस येतोय. पुढचा पडून तिथेच राहिला असेल तर तुम्हीही सोडून बाजूला व्हा आणि खालच्या ऑपरेटरला ओरडून थांबवायला सांगा.

न्यूझीलंडमध्ये क्रेगिबर्न, ब्रोकन रिव्हरसारख्या ठिकाणी दोर वेगाने जातो आणि मधे मधे पुलीवरून जातो, तिथे नुसत्या हाताने जमत नाही. कमरेला पट्टा असतो आणि त्याला अडकित्त्यासारखा बिजागरीचा लोखंडी चिमटा, त्याला नटक्रॅकरच म्हणतात. आधी हाताने दोर धरून वेग पकडायचा, मग चिमटा दोरावर टाकून त्याची मूठ आवळून धरायची. चिमटा पुलीवरून निघून जातो पण बोटं जाणार नाहीत, चेंगरतील, म्हणून चिमटा लागला की हात दोरावरून काढून फक्त मुठीवर ठेवायचा. हे पहिल्यांदा करताना माहीतगार माणूस सोबत हवाच.

वर पोचायच्या आधी उतरायची खूण असते, तिथे दोर सोडायचा, आधी मागचा हात मग पुढचा, आणि लगेच बाजूला सरकायचं, फोटो काढायला तिथे उभं राहू नका. खुणेच्या पुढे, चाकाच्या अलीकडे एक आडवी तार किंवा दांडा असतो, त्याला माणूस धडकला की मोटर बंद पडते. चढण्याआधी ऑपरेटरला सरळ विचारा की ती तार कुठे आहे आणि आज सकाळी तपासली का. चांगला ऑपरेटर चिडत नाही, हात करून दाखवतो. आणि उत्तर देताना तो चाचरला तर त्या दिवशी दोर धरू नका, स्की खांद्यावर टाकून चालत वर चढा, छोटा उतार पायीही होतो.