कमी पैशांत मेंदूच्या लहरी: एका चॅनलपासून सुरुवात

मेंदूच्या लहरी मोजणारा ओपनबीसीआय कंपनीचा ८ चॅनलचा (एकाच वेळी आठ सिग्नल टिपणारा) सायटन बोर्ड आयात शुल्कासह लाखाच्या घरात जातो. त्यातली सिग्नलचे आकड्यांत रूपांतर करणारी एडीएस१२९९ ही २४ बिटची चिपच मुळात महाग आहे. शिकण्यासाठी एवढा खर्च नको. दिल्लीच्या अपसाइड डाउन लॅब्सची बायोअँप ईएक्सजी पिल (शरीरातले विद्युत सिग्नल वाढवणारा छोटा अँप्लिफायर) आणि अर्डुइनो उनो (सिग्नल वाचून लॅपटॉपला देणारा छोटा बोर्ड) काही हजारांत येतात.

मेंदूचा सिग्नल जेमतेम १० ते १०० मायक्रोव्होल्टचा असतो, तर उनो ओळखू शकतो तो सर्वांत लहान फरक ४.९ मिलिव्होल्टचा. म्हणून मधे अँप्लिफायर हवाच.

पिलला उनोवरून ५ व्होल्ट द्या, आउटपुट उनोच्या ए० या अ‍ॅनालॉग पिनला जोडा आणि उनो लॅपटॉपला. डोक्याच्या मागच्या बाजूचे केस विंचरून भांग पाडा, त्वचा स्पिरिटने पुसा आणि कप इलेक्ट्रोड कंडक्टिव्ह पेस्टने बसवून वर पट्टी बांधा. ईसीजीची चिकट पॅच इथे वाया जातात, कारण ती केसांवर टिकत नाहीत. दुसरा इलेक्ट्रोड एका कानामागच्या हाडावर, रेफरन्स (तुलनेसाठीचा इलेक्ट्रोड) दुसऱ्या कानामागे. सँपलिंग २५६ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला २५६ नोंदी.

आता डोळे मिटा. ८ ते १२ हर्ट्झच्या अल्फा लहरी वाढल्या आणि उघडताच ओसरल्या, तर जोडणी बरोबर आहे.

फक्त घरातल्या विजेचा ५० हर्ट्झचा गुंजारव दिसला तर आधी रेफरन्सची पेस्ट तपासा, वायरी एकमेकींत पिळून घ्या, फिल्टर नंतर. दात आवळले तरी आलेख उसळतो, त्याला विचार समजू नका.

लॅपटॉपचा चार्जर मात्र काढलेलाच हवा. इलेक्ट्रोड डोक्याला असताना वीजजोडणीशी संबंध नको.