जुन्या लेन्सचा हेलिकॉइड सोडताना आधी रेघ मारा

जुन्या मॅन्युअल लेन्सची फोकस रिंग जड फिरायली असेल तर बहुतेक वेळा आतलं ग्रीस वाळलेलं असतं, काच चांगलीच असते, म्हणून टाकून देऊ नका. फक्त हेलिकॉइडला, म्हणजे रिंग फिरवली की लेन्स पुढं-मागं सरकवणाऱ्या आतल्या आट्यांच्या भागाला, एकच नाही, बरेच आटे शेजारी शेजारी सुरू होतात, त्यामुळं परत लावताना चुकीच्या जागेवरूनही तो छान बसतो पण मग इन्फिनिटीला, म्हणजे खूप लांबच्या वस्तूवर, फोकसच लागत नाही. म्हणून सावकाश उलटं फिरवत राहा आन् दोन भाग ज्या क्षणी सुटतात तिथंच थांबून दोन्हीवर सुईनं बारीक रेघ ओढा, मोबाईलवर फोटो पण घ्या. माझ्या हेलिओस ४४-२ लेन्सला मी रेघ मारली नव्हती, परभणीत अख्खा रविवार एकेक आटा लावून बघण्यात गेला.

आट्यातलं जुनं ग्रीस लायटर फ्लुइड आन् जुन्या टूथब्रशनं निघतं, खिडकी उघडी ठेवा, गॅसजवळ बसू नका. नवीन ग्रीस अगदी पातळ थर, जास्त नकोच, आपल्याकडं मे महिन्यात ४२ डिग्रीला तेल सुटून अपर्चरच्या, म्हणजे आत येणारा उजेड कमी-जास्त करणाऱ्या, पात्यांवर येतं आन् पाती चिकटतात. पाती कोरडीच पाहिजेत. शेवटी गच्चीवरून लांबच्या टॉवरवर फोकस लावून बघा.